चांदण्याचा मासा

शेगावात मला लोक परदेशी समजतात. विड्याची पानं पोचवायला गेले आणि बाजारातून चालत निघाले की फुलहारवाला, खेळणीवाला, लॉजच्या दारातला माणूस, सगळे 'मॅडम, मॅडम' करत मागे लागतात. एकदा एका तरण्या पोरानं राहायची खोली हवी का म्हणून मला इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, "काऊन बे, घरी जाऊ देत नाहीस काय मले?" त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. माझी कातडी आता डोक्यापासून पायापर्यंत पांढरी आहे, केससुद्धा. मूळचा सावळा रंग डाव्या कानामागे चवलीएवढा उरलाय, तोही मला आरशात दिसत नाही, सून सांगते म्हणून माहीत. या वयात त्याचं काही वाटत नाही. पण पंधराव्या वर्षी अर्धी सावळी आणि अर्धी पांढरी असताना जे वाटत होतं, ते लिहायला बसले आहे, आणि ते लिहायचं तर मामाबद्दल लिहिणं आलं. इतकी वर्षं हे प्रकरण मी टाळत आले होते.

आमचं घर जळगाव जामोदच्या अलीकडे, सातपुड्याचे डोंगर अंगणातून दिसतील अशा गावात. पानमळा हाच घरचा धंदा. शेवरीच्या आणि पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेल्या नागवेली, चारी बाजूंनी कुड घालून वारा अडवलेला, आणि आत भर उन्हाळ्यातही ओल्या मातीचा गारवा. सकाळी बाबा आणि गडी पानं खुडून आणायचे आणि दुपारभर ओसरीवर आम्ही बायका ती निवडायचो. ओल्या फडक्यानं पान पुसायचं, लहान-मोठं वेगळं करायचं, फाटकं बाजूला टाकायचं, चळत झाली की तळहातावर आपटून सारखी करायची. त्या आपटण्याचा टप टप आवाज आमच्या घरात दिवसभर चालायचा, तो थांबला की माय आतून विचारायची, "काय झालं वं, झोपल्या काय साऱ्या?" संध्याकाळी करंडे ओल्या गोणपाटानं झाकून एस.टी.च्या टपावर चढायचे. मळ्याचं सोवळं मोठं. ते सांभाळायची बाबांची थोरली बहीण, आमची आत्या. नवरा गेल्यावर ती आमच्याकडेच आली होती आणि मळ्यात कोणी जायचं, कधी जायचं, कोणत्या दिवसांत नाही, हे सगळं तिच्या हाती होतं. वेल माणसाची नजर ओळखते असं ती म्हणायची. घरातल्या लेकींचा वर्षाचा मोठा दिवस नागपंचमी. त्या दिवशी लेकींनी मळ्यात जाऊन वेलीची पूजा करायची, वेलीला दूध-लाह्या दाखवायच्या आणि पहिलं पान आपल्या हातानं खुडून घरी आणायचं. सहा वर्षांची झाल्यापासून हे पान मी आणत होते.

बारा वर्षांची असताना माझ्या मनगटावर पहिला डाग आला. तांदळाएवढा. दोन महिन्यांत दोन्ही हातांवर, ओठांच्या कडेला, गुडघ्यावर. आणि नेमका त्याच पावसात आमच्या पानांवर करपा पडला. हिरव्या पानावर पिवळे-पांढरे ठिपके, मग पान सडायचं. आत्यानं माझा हात धरला आणि त्याशेजारी एक पान धरलं. दुसऱ्या दिवसापासून माझं मळ्यात जाणं बंद झालं. त्या वर्षीचं पहिलं पान माझ्या धाकट्या बहिणीनं, मीरानं आणलं. मीराची काही चूक नव्हती, पण मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. निवडायला मात्र बसू द्यायचे, कारण हात कमी होते. खुडलेल्या पानाला काही होत नाही, वेलीला होतं, असा आत्याचा निवाडा. तो मला तेव्हाही घराच्या सोयीचाच वाटला होता.

औषध म्हणून माय बावचीच्या बिया गोमूत्रात वाटून डागांवर लावायची आणि मला अंगणात उन्हात बसवायची. तासाभरात कातडी भाजायची, फोड यायचे, माय रडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची. खाण्यातलं आंबट सगळं बंद, पांढरंही बंद. दही नाही, ताक नाही, चिंच नाही, आंबाडीची भाजी नाही, दूधसुद्धा नाही. नागपंचमीला आमच्याकडे चिरायचं-तळायचं नसतं म्हणून तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके करतात आणि ते कढीत कुस्करून खातात. माझ्या ताटात कोरडे फुनके. कढीशिवाय फुनका खाऊन पाहा एकदा, घशातच बसतो. घरात सगळे कढी भुरकत असायचे आणि मी पाण्याच्या घोटाबरोबर फुनके गिळायचे. आजही मी कढी केली की दोन वाट्या जास्तच पिते, सून ओरडते तरी.

मी तेरा वर्षांची असताना मामा आमच्याकडे राहायला आला. मायचा सगळ्यात धाकटा भाऊ, जळगाव जामोदच्या शाळेत नवाच मास्तर म्हणून लागलेला. त्याच शाळेत मी जायचे. मामाकडे पुस्तकांची पेटी होती, अंगाला साबणाचा वास होता आणि तो घरातला एकटाच माणूस होता, जो माझ्याशी बोलताना माझ्या हातांकडे पाहत नसे. निदान मला तसं वाटायचं. बाबा त्याला वयानं लहान असूनही 'मास्तर' म्हणत, 'तुमी' म्हणत. बाबांना अक्षरओळख नव्हती. खताच्या पोत्यावरचं काही वाचायचं असलं तरी ते मामाची वाट पाहत.

संध्याकाळी मामाचे मित्र ओट्यावर जमायचे, शाळेतलेच. त्यात राऊत मास्तर म्हणून गणिताचे होते, हसरे, गोरेपान, सतत सुपारी कातरणारे. एकदा मी चहा घेऊन दारापर्यंत गेले तर बाहेर मोठं हसणं झालं आणि त्यात एक शब्द ऐकू आला. नारव्हाल. ते गेल्यावर मी मामाला विचारलं, "मामा, नारव्हाल काय असते?"

मामा उठला. मग पेटीतून समुद्री प्राण्यांचं रंगीत चित्रांचं पुस्तक काढलं आणि एक पान उघडून दाखवलं. बर्फाच्या पाण्यात एक लांबट देवमासा, कातडीवर राखाडी आणि पांढरे ठिपकेच ठिपके, आणि तोंडातून भाल्यासारखा सरळ निघालेला, पीळ पडलेला लांबच लांब दात. "हे पाह्य," मामा म्हणाला, "उत्तर ध्रुवाकडे राह्यते हे. लोकायले शिंग वाटते, पण दात आहे तो. अन् अंगावर पाह्य, कसं तुह्यासारखं."

"मंग तुम्ही हसून काऊन राह्यले होते?"

"हसत नव्हतो बाप्पा. राऊत म्हणत होता, तुही शकू त्या नारव्हालसारखी देखणी आहे. तिकडच्या भाषेत नारव्हाल म्हंजे चांदण्याचा मासा. अंगावर चांदणं पडल्यासारखं दिसते न, म्हणून."

मी ते पुस्तक उशाशी घेऊन झोपले. कोणी कधी माझ्या डागांना डागाखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं. कोड म्हणायचे, पांढरं फुटलं म्हणायचे, करपा म्हणायचे. आता त्याला एक नाव होतं, ते लांबच्या बर्फाच्या देशातून आलं होतं आणि त्याचा अर्थ चांदणं होता. मामा मला नारव्हाल म्हणू लागला. मग राऊत मास्तरही म्हणू लागले. मी चहा आणला की ते ऐटीत मान झुकवून म्हणायचे, "या नारव्हालबाई!" आणि बाकीचे हसायचे. मीही हसायचे. वर्गात पोरी बाकावर सरकून बसल्या तर मी त्यांना सांगायचे, मी नारव्हाल आहे, जा, अर्थ माहीत आहे का? शाळेच्या गॅदरिंगमध्ये 'माझा आवडता प्राणी' या विषयावर बोलायला राऊत मास्तरांनीच माझं नाव दिलं. मी स्टेजवर उभी राहून, दोन्ही हात पुढे करून, सगळ्या शाळेला सांगितलं की हा चांदण्याचा मासा आहे आणि मामानं माझं नाव त्याच्यावरून ठेवलंय. पहिल्या रांगेत मास्तर लोक बसले होते. राऊत मास्तरांनी तोंडाला रुमाल लावला होता. मला वाटलं, त्यांना भरून आलं.

त्या दोन वर्षांत मला हवं होतं ते एकच, नागपंचमीला पुन्हा मळ्यात जायचं. आणि ते मामाच्या हातात होतं हेही मला ठाऊक होतं. आत्याचं बाबा ऐकत, पण मास्तरांच्या शब्दापुढे आत्याचं काही चाललं नसतं. मी मामाला विचारलं होतं, हे पसरते का रे? तो म्हणाला होता, छे, कातडीचा रंग गेला म्हंजे काय रोग झाला? मग मी म्हणाले, हेच बाबाले सांग न. तो म्हणाला, सांगतो. पहिली पंचमी गेली. म्हणाला, या साली जमलं नाही, भाऊजी कामात होते, पुढच्या साली नक्की. दुसरी पंचमी तीन दिवसांवर आली होती.

तेव्हाच आम्हा चार मुलींना निबंध स्पर्धेसाठी बुलढाण्याला नेलं. आमच्याबरोबर शिवणाच्या बाई होत्या. स्पर्धा दुपारीच संपली, परतीच्या गाडीला दोन तास होते, आणि स्टँडजवळच एक वाचनालय होतं. बाई म्हणाल्या, बसा इथं गपचूप. तिथं काचेच्या कपाटात मांडीएवढा जाड इंग्रजी कोश होता. मी ग्रंथपालांना म्हटलं, मला नारव्हाल शब्द पाहायचा आहे. ते म्हातारे गृहस्थ होते, जाड भिंगाचा चष्मा. त्यांना भारी आनंद झाला. तिथं येणारी माणसं पेपर वाचून जायची, कोश मागणारं कोणी नसावं. मला फक्त एक गोष्ट पाहायची होती, त्या शब्दातला चांदणं म्हणजे कोणता तुकडा. तो मला वहीवर लिहायचा होता.

त्यांनी पान काढलं, बोट फिरवलं आणि मोठ्यानं अर्थ लावू लागले. "हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला बरं का. नॉर्वे, आइसलँड तिकडच्या खलाशांची भाषा. व्हाल म्हणजे देवमासा. आणि नार म्हणजे... प्रेत. प्रेत-मासा. कारण त्याच्या कातडीचा रंग बुडून मेलेल्या माणसाच्या अंगासारखा, ठिपक्या-ठिपक्यांचा..." आणि तिथं त्यांची नजर पानावर ठेवलेल्या माझ्या हातावर गेली. त्यांनी कोश हळूच मिटला, माझा हात आत राहणार नाही याची काळजी घेऊन. मग म्हणाले, "हे काही नक्की नसतं हं, बाळ. कोशवालेही अंदाजच बांधतात." मी त्यांना हो म्हटलं. राजूर घाट उतरताना मी खिडकीतून बाहेर ओकले. बाई म्हणाल्या, गाडी लागली पोरीला.

अलीकडे नातवाच्या मोबाइलवर या प्राण्याबद्दल मी बरंच वाचलं. काही अभ्यासक तो प्रेताचा अर्थ मानत नाहीत. आणि त्याच बर्फात जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याबरोबर राहतात, ती त्याला त्याच्या दातावरून हाक मारतात, 'सुळा असलेला'. मढ्याचा रंग दिसला तो बाहेरून आलेल्या खलाशांना. हे मला पंधराव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा त्यानं फार फरक पडला असता असं नाही. शब्दाचा अर्थ मला जड गेलाच नव्हता. गॅदरिंगमध्ये मी हात पुढे केले तेव्हा पहिल्या रांगेतल्या त्या रुमालामागे काय चाललं होतं, ते जड गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी ओसरीवर पानं निवडणं चाललं होतं. बाबा चळती बांधत होते, मामा खांबाला टेकून पेपर वाचत होता. मी निवडता निवडताच विचारलं, "मामा, नारव्हालचा अर्थ काय?"

"सांगतला न तुले. चांदण्याचा मासा."

"कोणत्या भाषेत?"

"तिकडच्या."

"तिकडच्या भाषेत नार म्हंजे मढं. मी कोशात पाह्यलं काल."

बाबांचे हात थांबले. मामानं पेपर खाली ठेवला आणि हसायचा प्रयत्न केला. "हे पाह्य शकू, ते नाव मी नाही ठेवलं. राऊत म्हणला पह्यले, त्याले सवय आहे असं काहीबाही बोलाची. तू आतून आली अन् इचारलं. मंग काय सांगू तुले? तुले बरं वाटावं म्हणून सांगतलं. चांगल्यासाठीच केलं न मी?"

"अन् दोन वर्षं ते मले तोंडावर मढं म्हणत होते, अन् तू बसून राह्यला?"

त्यानं पेपरची घडी घातली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी तेही सोडून द्यायला तयार होते. मामा माझा होता. एक मोठी गोष्ट माझ्यासाठी त्यानं केली की हे सगळं मी विसरणार होते. मी म्हणाले, "ते जाऊ दे. तू बाबाले सांग. आता, माह्या समोर सांग. हे पसरत नाही, वेलीले होत नाही, म्हणून."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. "काय सांगायचं हाय त्यायनं?" ते म्हणाले. "पोरी, मी त तुले मागच्याच साली नेत होतो पंचमीले. ताईले म्हटलं बी होतं. मंग म्हटलं, मास्तर शिकेल माणूस हायेत, त्यायले इचारू. मास्तर म्हणले, भाऊजी, जोखीम काऊन घेता? मळा साऱ्या घराचं पोट हाय. म्हणून राह्यलो मी."

ओसरीवर कोणाचीच चळत वाजत नव्हती, आणि आतून मायनंही काही विचारलं नाही. दोन वर्षं मी बाबांवर मनातल्या मनात दात खात होते. ज्यानं मला अडवलं त्याच्याच उशाला मी लाडानं पाण्याचा तांब्या भरून ठेवत होते, आणि तेवढ्यात मला आठवलं की तो तांब्या मामा कधी घ्यायचाच नाही. 'राहू दे, मी घेतो' म्हणायचा आणि माठातून स्वतः ओतून घ्यायचा. मला ते प्रेमाचं वाटायचं, पोरीला त्रास नको म्हणून. त्याला माझी भीती वाटत होती. आत्या निदान तोंडावर सांगायची.

"मास्तर," बाबा म्हणाले, "आता खरं सांगा. पसरते का नाही पसरत?"

मामा म्हणाला, "मले नक्की माहीत नाही, भाऊजी."

"मंग तवा काऊन सांगतलं?" बाबांनी विचारलं. आवाज चढवला नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. शिकलेला माणूस माहीत नसताना सांगतो, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

त्या पंचमीला बाबा मला स्वतः मळ्यात घेऊन गेले. आत्या तीन दिवस जेवली नाही. त्याही पावसाळ्यात पानांवर ठिपके आले, थोडे, पण आले. आत्या माझ्याकडे पाहायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, "पाणी जास्त झालं या साली," आणि सडकी पानं खुडून जाळायला त्यांनी मलाच बरोबर घेतलं. महिन्याभरात मामानं जळगावात खोली केली. शाळेत समोर आला की मान खाली घालून जायचा, आणि मला त्याची इतकी आठवण यायची की मी घरी येऊन मीराला विनाकारण मारायचे. राऊत मास्तरांना मी कधीच विसरले. ते कोण माझे? फसवायला माणूस आपला असावा लागतो.

पुढे बाबांमागे मळा मीच सांभाळला. नवरा आमच्या घरी राहायला आला, लोक हसले, मग हसायचे थांबले. माय गेल्यानंतरच्या वर्षी मामा मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन स्वतः दारात आला. केस पिकलेले, निवृत्त हेडमास्तर. म्हणाला, "शकू, ये बरं. तुह्या मायच्या जागी आता तूच आहेस." मला रडू आलं. रात्री नवऱ्याला म्हटलं, झालं गेलं, आता किती दिवस धरून बसायचं? लग्नाच्या दिवशी पहाटे मळ्यात जाऊन मी माझ्या हातानं पानं खुडली, एकही डाग नसलेली, पाचशे. करंडा सजवला. वर चिठ्ठी खोचली, 'नारव्हालकडून'. वाचून त्याला हसू येईल, मलाही येईल, आणि मग ते संपेल असं वाटलं होतं.

खामगावच्या कार्यालयात मामा दाराशीच उभा होता, फेटा बांधून. शेजारी नवरीची आई, पुण्याकडच्या होत्या त्या. माझा चेहरा तेव्हा अर्धा पांढरा झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा मागे सरल्या आणि मामाला हळूच विचारलं, "ह्या कोण?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. करंड्याकडे पाहिलं.

"आमच्या गावच्या आहेत," तो म्हणाला. "पानं घेऊन आल्यात."

"अरे वा. मग पैसे दिले का त्यांचे?"

"देतो न," मामा म्हणाला, आणि त्यानं खिशातून एक नोट काढून टोकाला धरून माझ्यापुढे केली. मी करंड्यातली चिठ्ठी काढून घेतली, करंडा खाली ठेवला आणि नोट घेतली. "येते, मास्तर," म्हणाले आणि निघाले. त्यानंतर त्याला मामा म्हटलं ते हे प्रकरण लिहितानाच.